स्लो कुकरमध्ये केलेले चिकन सूप पाणचट का होते? ते पौष्टिक कसे करावे?

आपण लिहिले आहे की वडील तापातून उठत आहेत, त्यांच्यासाठी साडेतीन लिटरच्या स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, बोनलेस चिकन आणि भांडे काठोकाठ भरेल इतके पाणी घालून आपण आठ तास सूप शिजवता, आणि शेवटी सूप पाणचट लागते व मांस चोथ्यासारखे होते. कुकर बिघडलेला नाही. चिकनचा भाग चुकीचा निवडला गेला आहे आणि पाणी जास्त झाले आहे.

बोनलेस चिकन म्हणून दुकानात बहुधा छातीचे मांस मिळते. त्यात चरबी थोडी आणि कोलॅजेन, म्हणजे स्नायू व सांधे बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, त्याहून थोडे असल्याने तासन्‌तास गरम राहिले की तंतू आकसून आतला रस बाहेर टाकतात आणि मांस कोरडे पडते. तंगडी, मांडी, पंख, मान आणि पाठ या भागांचे नेमके उलटे होते. त्यांतील स्नायुबंध व सांध्यांभोवतीचे कोलॅजेन मंद आचेवर हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन बनते, त्यामुळे मांस मऊ राहते आणि सुपाला अंग येते. आपला खाटीक मान आणि पाठ बाजूला काढून देत असेल, तर तीही आवर्जून मागून घ्यावी. हे सूप फ्रिजमध्ये रात्रभर ठेवल्यावर जेलीसारखे थरथरू लागले, तर ते उत्तम जमले असे समजावे; ते नासले म्हणून टाकून देणारेही मी पाहिले आहेत. गावरान कोंबडी मिळाली तर चव फारच चांगली येते, मात्र तिला ब्रॉयलरपेक्षा दोन-तीन तास अधिक द्यावे लागतात.

पाण्याबाबत असे की, स्लो कुकरचे झाकण वाफ अडवून ती पुन्हा थेंबांच्या रूपाने आत सोडते, त्यामुळे उघड्या पातेल्यात जसे पाणी आटून सूप दाट होते तसे येथे होत नाही, उलट भाज्या आणि मांस यांचे पाणी सुटून रस वाढतोच. आपल्या भांड्यासाठी हाडांसकट पाऊण किलो चिकनला सव्वा लिटर पाणी पुरे. भाज्या धरून भांडे साधारण दोन तृतीयांश भरेल, आणि या उपकरणाला तेवढेच मानवते.

आता कृती. स्लो कुकरमध्ये काहीही खरपूस भाजले जात नाही, म्हणून ते काम आधी गॅसवर करून घ्यावे. कढईत चमचाभर तेलात चिकनचे तुकडे दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत परतावेत, ते काढून त्याच तेलात उभा चिरलेला एक कांदा, ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या आणि इंचभर आले परतावे, मग वाटीभर पाणी घालून कढईच्या तळाला धरलेली सगळी खरवड सोडवून घ्यावी. सुपाची निम्मी चव त्या खरवडीत असते. कुकरच्या भांड्यात सर्वांत खाली गाजराचे मोठे तुकडे घालावेत, कारण मंद आचेवर कंदमुळांना मांसापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यावर परतलेला कांदा, चिकन, दहा-बारा काळी मिरी, दोन लवंगा, एक तमालपत्र, चिमूटभर हळद, कोथिंबिरीचे देठ आणि दोन चमचे धुतलेली मुगाची डाळ घालून वरून कढईतले आणि उरलेले पाणी गरम असतानाच ओतावे. मात्र फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या चिनी मातीच्या भांड्यात कढत पाणी ओतू नये, ते तडकते.

‘लो’वर सात-आठ तास किंवा ‘हाय’वर चार तास पुरतात. दोन्हींत शेवटी तापमान उकळीच्या किंचित खाली, जवळपास सारखेच येते, फक्त तेथवर पोहोचण्याचा वेग वेगळा असतो. मध्येच झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळावा, कारण एकदा उघडले की निघून गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटे जातात. मीठ सुरुवातीला अर्धेच घालावे आणि उरलेले शेवटी चव पाहून. लिंबूही वाढताना पिळावे. मग सूप गाळून हाडे काढावीत आणि मांस सोडवून पुन्हा सुपात घालावे.

हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हाडांतील कॅल्शियम सुपात फारसे उतरत नाही, आणि जिलेटिन हे प्रथिन असले तरी त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, त्यामुळे नुसत्या निवळ पाण्यावर अशक्त माणसाची प्रथिनांची गरज भागत नाही. आमच्या कोल्हापूरकडे रस्सा करण्याआधी काढलेले अळणी पाणी मुलांना आणि आजाऱ्यांना देण्याची रीत आहे. ती चांगलीच आहे, पण वडिलांना चावता येत असेल तर सोबत मांसही बारीक करून द्यावे. सर्दीत हे सूप बरे वाटते त्याला थोडाफार आधारही आहे: अमेरिकेतील नेब्रास्का येथील डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात चिकन सुपामुळे न्यूट्रोफिल या दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावल्याचे दिसले होते. तो प्रयोग माणसांवर नव्हता, म्हणून त्याला औषध म्हणू नये. वडिलांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ आणि प्रथिने किती द्यावीत हे डॉक्टरांना विचारावे.

प्रेशर कुकरमध्येही असेच सूप तासाभराच्या आत होते, हे सांगितले पाहिजे. स्लो कुकरचा फायदा असा की रस नितळ राहतो आणि कोणाला शेगडीपाशी थांबावे लागत नाही.

मात्र काही पथ्ये पाळावीत. गोठलेले चिकन थेट घालू नये, ते आदल्या रात्री फ्रिजमध्ये सुटू द्यावे. नाहीतर मांस 4 ते 60 अंश सेल्सिअस या जंतू वाढण्याच्या पट्ट्यात फार वेळ राहते. शिजल्यावर मांसाचे आतले तापमान किमान 74 अंश असावे. पौष्टिक म्हणून राजमा घालावासा वाटला तर तो भिजवून, पाणी बदलून, गॅसवर किमान दहा मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय घालू नये, कारण त्यातील विषारी द्रव्य स्लो कुकरच्या आचेने नष्ट होईलच असे नाही. उरलेले सूप दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावे, वर गोठलेला चरबीचा थर हवा तर काढून टाकावा, आणि तीन-चार दिवसांत संपवावे. पुन्हा गरम करताना ते गॅसवर उकळावे, स्लो कुकरमध्ये नव्हे. आणि आपण घरी नसताना वीज गेली व ती किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नसेल, तर वरून शिजलेले दिसले तरी ते सूप आजाऱ्याला देऊ नये, सरळ टाकून द्यावे.