‘तू म्हणशील तसं’ हा होकार नव्हे

प्रश्न : आम्ही तासगाव भागातले द्राक्षबागाईतदार. लग्नाला ९ वर्षं झाली, मी ३२ वर्षांची. माझे रिपोर्ट नॉर्मल आहेत, यांच्या वीर्यात शुक्राणू नाहीत. एकदा अंडकोशातून काढून इक्सी (प्रयोगशाळेत शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं) केलं, पण दिवस राहिले नाहीत. दुसऱ्या वेळी काहीच मिळालं नाही. डॉक्टर आता दात्याचे शुक्राणू वापरा म्हणतात. हे म्हणतात, ‘तू म्हणशील तसं.’ धाकट्या दिराचं घेतलं तर रक्त घरातलंच राहील, असंही एकदा बोलून गेले. सासूबाई मलाच बोल लावतात. काय करू?

उत्तर : ताई, दिराचा विषय आधी संपवू. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांवरच्या २०२१ च्या कायद्याने दाता अनोळखीच हवा, तोही नोंदणीकृत शुक्राणू बँकेकडूनच. वय २१ ते ५५, एचआयव्ही, कावीळ बी-सी, गुप्तरोग यांच्या तपासण्या झालेला. आणि एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला. कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. रोज पंगतीला शेजारी बसणारा काका, आणि उद्या बांधावरून भांडण झालं की कोण काय बोलून जाईल?

मूल कायद्याने तुमचं दोघांचंच, वारसाहक्कासकट. तुमच्या गर्भनलिका मोकळ्या असतील तर कदाचित साध्या आययूआयनेही (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडून) भागेल, डॉक्टरांना विचारा.

खरा पेच तुमच्या नवऱ्याच्या ‘तू म्हणशील तसं’ या तीन शब्दांत आहे. स्वतःचं मूल होणार नाही, हे त्यांना नुकतंच कळलंय. त्याचं दुःख करायला त्यांना कोणी वेळ दिलाय का? कलमी वेलीची उपमा द्यायचा मोह होतोय, पण बागाईतदाराला ती मी काय सांगणार, आणि माणूस म्हणजे बाग नव्हे. तुमची बाजू घ्यायला मात्र दुःख आड यायला नको होतं. ‘दोष हिच्यात नाही, आई’ एवढं त्यांनी आजच म्हणावं. दात्याचं सासूबाईंना सांगायची गरज नाही. मुलाला सांगायचं का, हे मात्र दोघांनी आधीच ठरवा. मी सांगावं या मताची, कारण असली गोष्ट कधी ना कधी फुटतेच, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून कळू नये.

फळछाटणीच्या धांदलीत हा विषय काढू नका. हात जरा रिकामे झाले की समुपदेशकाकडे जा, त्यांना एकट्यालाही बोलू द्या. संमतिपत्रावर दोघांच्या सह्या लागतात. सही करताना त्यांचा हात अडखळला, तर त्या दिवशी कागद तसाच ठेवून घरी परत या. तुमच्या वयाला चार-सहा महिने थांबल्याने फारसं बिघडत नाही.