गाडीचे प्रश्न : माउंटिंग गेलं की वायर?

प्रश्न : माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली 2013ची जर्मन टू-डोअर स्पोर्ट्स कार आहे (कंपनीचं नाव छापू नये). इंजिन मागे, गिअरबॉक्स डबल क्लच. पावसाळाभर गाडी झाकून ठेवली होती. आता बाहेर काढल्यावर सिग्नलला सीटमधून थरथर जाणवते, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून ‘धड’ असा आवाज येतो आणि डॅशबोर्डवर चॅसिस सिस्टिमची वॉर्निंग लागली आहे. सर्व्हिस सेंटर म्हणतं, दोन्ही अ‍ॅक्टिव्ह इंजिन माउंट (इंजिनला बॉडीवर धरून ठेवणारे आधार) बदला. एस्टिमेट पाहून बायकोने बोलणं टाकलंय. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, साधं फाउंडेशन (म्हणजे साधं माउंट) बसवतो आणि वायरला रेझिस्टन्स लावून लाइट घालवतो. काय करावं?
— एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : आधी ते एस्टिमेट पुन्हा वाचा. माउंटमधून तेलाची ‘गळती आढळली’ असं त्यावर कुठे लिहिलंय का? लिहिलं नसेल, तर गाडी रॅम्पवर चढवून माउंट तुम्हाला स्वतःला दाखवायला सांगा. इतक्या पैशांची वस्तू नुसत्या स्कॅनरने दाखवलेल्या बिघाडाच्या कोडवर बदलायची नसते.

मला तुमच्या पत्रात एक नाही, दोन तक्रारी दिसतात, आणि त्या एकाच कारणाने आल्या असतील असं नाही. त्यासाठी हे माउंट काय करतं ते थोडं पाहू. आत तेल असतं आणि त्यात लोखंडाचे अतिबारीक कण. माउंटमधल्या कॉइलला करंट दिला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते तेल क्षणात पातळ पिठल्याचं घट्ट पिठलं व्हावं तसं होतं. करंट काढला की पुन्हा पातळ. सिग्नलला मऊ माउंट हवं, म्हणजे थरथर बॉडीत येत नाही. वळणावर किंवा जोरात पिकअप घेताना कडक हवं, म्हणजे मागचं जड इंजिन आपल्या मर्जीने डोलत नाही. स्टिअरिंग किती वळलंय, गाडी कशी पळतेय, हे पाहून कंट्रोल युनिट करंट ठरवतं. असल्या द्रवाची कल्पना 1940च्या दशकात अमेरिकेत जेकब रॅबिनोव्ह यांनी मांडली. 2002मध्ये कॅडिलॅकने तो शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये आणला आणि 2009मध्ये पोर्शेने 911 जीटी3ला इंजिन माउंटमध्ये ऑप्शन म्हणून दिला.

आता मुद्द्याचं. कंट्रोल युनिटला कॉइलचं सर्किट कळतं, आतलं तेल कळत नाही. तेल गळून गेलं तरी कॉइल शाबूत असेल, तर बहुतेक वेळा लाइट लागत नाही. उलट वायर तुटली तर लाइट लागतो, पण करंट नसल्यामुळे माउंट मऊच राहतं आणि सिग्नलला गाडी छान शांत उभी असते. म्हणजे तुमची ‘धड’ आणि थरथर बहुधा गळतीची. लाइट मात्र दुसऱ्याच कशाचा असू शकतो.

लाइटसाठी पहिला संशय बॅटरीवर. पावसाळाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि व्होल्टेज कमी पडलं की असल्या गाड्यांमधल्या सगळ्या सिस्टिम एकदम रडायला लागतात. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कोड पुसा, गाडी चालवा, मग पुन्हा स्कॅन. दुसरा संशय उंदरांवर. हसू नका. झाकलेल्या गाडीचं मागचं गरम, अंधारं इंजिन म्हणजे त्यांचं हक्काचं घर. माउंटकडे जाणारी वायर आणि कनेक्टर टॉर्च लावून नीट पाहायला सांगा. तिसरं, कनेक्टर काढून दोन्ही माउंटच्या कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजायचा आणि एकमेकांशी ताडायचा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर कॉइल ठीक; एका बाजूला सर्किटच ओपन, म्हणजे तुटलेलं, दाखवलं तर ते माउंट गेलं. हे काम चहा येईपर्यंत उरकतं, तरी कोणी करत नाही.

गळती डोळ्यांनी दिसते. माउंटच्या खालच्या भागावर काळपट राखाडी, तेलकट ओघळ असतो. बोटाला लागला की साध्या इंजिन ऑइलपेक्षा वेगळा लागतो, चोळला तर बारीक काजळीसारखा. हे तेल गेलं की इंजिन खाली बसतं, धातूच्या स्टॉपरला टेकतं आणि पाय काढला की आपटतं. तोच तुमचा ‘धड’.

थरथरीबद्दल एक सावधगिरी : प्लग किंवा इग्निशन कॉइल कमजोर असली तरी आयडलिंगला गाडी अशीच हलते. स्कॅनरवर मिसफायरची (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याची) नोंद आहे का, ते विचारा. आणि ब्रेक दाबून, गिअर टाकून, रेस देऊन इंजिन किती उचलतंय ते बघायची जी जुनी पद्धत आहे, ती तुमच्या गाडीवर कोणाला करू देऊ नका. डबल क्लचमध्ये ब्रेक दाबलेला असताना क्लच सुटलेला असतो, त्यामुळे काही कळत नाही. आणि स्पोर्ट प्लस मोडवर असाल तर लाँच कंट्रोल, म्हणजे जागेवरून गाडी झपाट्याने सोडायची सोय, जागं व्हायचं.

गळती निघाली तर दोन्ही माउंट एकदम बदला. दोन्हींनी सारखीच वर्षं भोगली आहेत, आणि मजुरी एकदाच पडेल. इंजिनला खालून आधार देऊन थोडं उतरवावं लागतं. जॅक थेट ऑइल सम्पवर (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यावर) लावणारा मेकॅनिक दिसला तर चावी परत मागा. विम्याकडे जाऊ नका, झीज त्यात बसत नाही. वाढीव वॉरंटी असेल तर तिचे कागद काढा.

साधं माउंट बसवणं मला गैर वाटत नाही. तुमचंच मॉडेल स्पोर्ट्स पॅकेजशिवाय विकलं गेलं असेल, तर त्याला कंपनीचंच साधं हायड्रॉलिक माउंट असतं. रविवारी लोणावळ्याला जाऊन यायला ते पुरतं. पण ते करायचं तर कंट्रोल युनिटमध्ये कोडिंगने नोंद बदलून घ्या. रेझिस्टन्सचा जुगाड नको : युनिट त्यात करंट सोडत राहतं, तो तापतो, आणि उद्या चॅसिसमध्ये खराखुरा बिघाड झाला तर ‘हा आपला नेहमीचाच लाइट’ म्हणून दुर्लक्ष होतं. कोइंबतूरच्या ट्रॅकवर वगैरे गाडी नेत असाल किंवा पुढे विकायची असेल, तर मात्र पैसे मोजून मूळ माउंटच घाला. पॉलियुरेथेनचं कडक माउंट रोजच्या गाडीला नको. घरच्यांनी आधीच बोलणं टाकलंय, त्या गाडीत बसणंही टाकतील.

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल सेडानच्या माउंटला बारीक रबरी पाइप जोडलेला आहे. आयडलिंगला गाडी फार हलते. हेही असंच महागडं असतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. तुमचं व्हॅक्यूमवर चालतं, तेल-कॉइलची भानगड नाही. इंजिन चालू ठेवून माउंटवरचा पाइप काढा आणि टोकाला बोट लावा. ओढ लागत नसेल तर पाइप चिरलाय किंवा त्याचा व्हॉल्व्ह गेलाय. पाइप स्वस्तात मिळतो, आधी तोच बदला. ओढ चांगली लागत असेल आणि पाइप लावल्या-काढल्याने थरथरीत काहीच फरक पडत नसेल, तर माउंटमधला डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटलाय. मग माउंट बदलावंच लागेल.