छपराचं दुखणं भिंतीत असतं

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला छप्पर आणि पडवीचे प्रश्न सर्वांत जास्त आले. बहुतेक वाचक मुंबईत बसून गावाकडचं कौलारू घर संगणकावर उभं करत आहेत. म्हणून उत्तरांत फूट-इंच आणि ओळखीचेच शब्द ठेवले आहेत: पाखं (छपराची एक उतरती बाजू), आढं (दोन पाखी मिळतात ती वरची रेषा), वळचण (भिंतीबाहेर आलेली छपराची कड).

अलिबागजवळ दुपाखी घर बांधायचं आहे. घर समोरून मागे २४ फूट, दर्शनी भिंत ३६ फूट, मधल्या २० फुटांपुढे ७ फुटी पडवी. होम डिझायनरमध्ये घरावर छप्पर आपोआप येतं, पडवी मात्र उघडीच राहते. बरीच खटपट केल्यावर पडवीवर वेगळंच छोटं चौपाखी छप्पर आलं. घराचंच पाखं पडवीवर उतरायला हवं आहे. — वाचक, डोंबिवली

आधी पडवीच्या जमिनीवर क्लिक करा. सगळी पडवी एक खोली म्हणून निवडली गेली, तर ती चारही बाजूंनी बंद आहे. तसं झालं नाही, तर कुठलं तरी रेलिंग घराच्या भिंतीला टेकलेलं नाही. एका इंचाची फट असली तरी प्रोग्रॅमच्या लेखी ती खोलीच नसते, आणि जी खोली नाही तिच्यावर छप्पर येत नाही. रेलिंगचं टोक ओढून भिंतीत घुसवा.

दुसरं कारण जास्त नेहमीचं. पडवी ‘डेक रेलिंग’ने काढली असेल, तर प्रोग्रॅम तिला डेक समजतो, आणि डेकवर छप्पर घालत नाही. खोलीवर डबल-क्लिक करून रूम टाइप ‘पोर्च’ करा आणि ‘स्ट्रक्चर’मध्ये ‘रूफ ओव्हर धिस रूम’वर खूण आहे ना, ते पाहा.

आता चौपाखी छपराबद्दल. तुम्ही वेगळं काही सांगत नाही तोवर प्रत्येक बाहेरच्या भिंतीवरून पाखं उचलायचं, हा या प्रोग्रॅमचा नियम. म्हणून पडवीच्या तिन्ही बाजूंनी पाखी उठली. पडवीचं पुढचं रेलिंग उघडा, ‘रूफ’ पानावर ‘एक्स्टेंड स्लोप डाउनवर्ड’वर खूण करा. पडवीची दोन्ही बाजूंची रेलिंगं आणि घराच्या दोन्ही टोकांच्या भिंती ‘फुल गेबल वॉल’ करा. मग छप्पर पुन्हा बांधायला सांगा. पडवी पूर्ण ३६ फूट करायचा विचार कराल तेव्हाही ही खूण लागेलच. नाहीतर प्रोग्रॅम घर आणि पडवी मिळून ३१ फुटांवर एकच छप्पर चढवतो: आढं साडेतीन फूट पुढे सरकतं आणि दोन फूट वर जातं.

इथवर माउसचं काम झालं. खरी अडचण पुढे आहे आणि ती प्रोग्रॅम सांगत नाही. ३० अंशांच्या उताराला दर फुटामागे छप्पर ०.५७७ फूट, म्हणजे जवळजवळ सात इंच उतरतं. ७ फुटांत ते ४ फूट अर्धा इंच खाली येतं. भिंतीचा माथा १० फुटांवर असेल, तर पडवीची पुढची तुळई ५ फूट ११॥ (साडेअकरा) इंचांवर येते. वळचण आणखी २ फूट पुढे काढलीत तर तिची कड ४ फूट ९॥ इंचांवर. घरात शिरणाऱ्या प्रत्येकाचं डोकं तिथे आपटणार. स्क्रीनवर हे लक्षात येत नाही, कारण आपण घराकडे वरून, पाखरासारखं बघत असतो. पडवीसमोर अंगणात कॅमेरा साडेपाच फुटांवर ठेवून बघा.

यावर तीन उपाय. भिंतीचा माथा ११ फुटांवर नेणं, पडवीची जमीन घरापेक्षा खाली ठेवणं, किंवा पडवीपुरता उतार कमी करणं. तिसरा उपाय प्रोग्रॅममध्ये सर्वांत सोपा आहे आणि म्हणूनच लोक तो निवडतात. पण २२ अंशांवर कौलं घातली, की जोराच्या वाऱ्याबरोबर पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटं वर चढतं. कोकणातल्या पावसात ते परवडत नाही. आमचं मत पहिले दोन उपाय एकत्र करावेत असं आहे: भिंत एक फूट उंच आणि पडवी एक पायरी, म्हणजे ६ इंच खाली. मग तुळई पडवीच्या जमिनीपासून ७ फूट ५॥ इंचांवर आणि वळचण ६ फूट ३॥ इंचांवर येते. जुन्या घरांत ओटीवरून पडवीत उतरताना पायरी लागते, तिच्यामागे हाही हिशेब आहे. रूम स्पेसिफिकेशनमध्ये पडवीची फ्लोअर हाइट उणे ६ इंच केली की झालं.

‘ऑटो रिबिल्ड रूफ्स’ चालू ठेवून पाखी हाताने ओढू नका. पुढच्या वेळी एखादी भिंत दोन इंच सरकवली, की छप्पर नव्याने बांधलं जातं आणि हाताने केलेलं काम पुसलं जातं. आधी भिंती पक्क्या करा, मग ते बंद करा, मग पाख्यांना हात लावा.

घराला ३० अंश आणि पोर्चला २२ अंश उतार दिला आहे. दोन्ही भिंतींचा माथा एकाच उंचीला, वळचण दोन्हीकडे २ फूट. तरी वळचणीच्या फळ्या एका रेषेत येत नाहीत. — वाचक, बोरिवली

येणारच नाहीत. वळचण भिंतीच्या माथ्यापासून उताराबरोबर खाली जाते. ३० अंशांवर २ फुटांत १ फूट २ इंच, २२ अंशांवर पावणेदहा इंच. म्हणून पोर्चची फळी चार इंच वर दिसते. पोर्चच्या भिंतीचा माथा ४ इंच खाली घ्या, किंवा पोर्चची वळचण २ फूट १० इंच करा. वळचण लांबवण्यापेक्षा माथा खाली घेणं बरं, कारण पावणेतीन फूट बाहेर आलेल्या वाशांना खालून आधार द्यावा लागतो. शक्य असेल तर दोन्ही उतार सारखेच ठेवा, मग हा प्रश्न उरतच नाही.

स्केचअपमध्ये पडवीचं पाखं काढतो, पण शेवटची रेघ जोडली तरी फेस (रेघांमधलं सपाट पृष्ठ) भरत नाही. मधे तिरपी रेघ मारली तर दोन त्रिकोण होतात आणि मधोमध घडी दिसते. आमची जागा वाकडी आहे. पडवी डाव्या टोकाला ६ फूट आणि उजव्या टोकाला ९ फूट आहे. — वाचक, गिरगाव

स्केचअप तुम्हाला खरं तेच सांगत आहे. फेस सपाटच असतो, आणि तुमचे चार कोपरे एका सपाटीत नाहीत. पाखं वरच्या बाजूला भिंतीला आडव्या रेषेत टेकलेलं आहे, आणि खालची वळचणही तुम्हाला आडवी हवी आहे. पण ६ फुटांत आणि ९ फुटांत सारखंच खाली यायचं, तर डावीकडचा उतार जास्त आणि उजवीकडचा कमी असावा लागतो. असं पाखं पिळलेलं असतं. उतार सगळीकडे ३० अंश ठेवलात, तर डावं टोक ३ फूट ५॥ इंच उतरतं, उजवं ५ फूट २ इंच. म्हणजे वळचण एका बाजूला पावणेदोन फूट झुकते, आणि सगळं पाणी त्या एका कोपऱ्यात जमतं.

पिळलेल्या पाख्यावर कौलं बसत नाहीत. रिपा कशाबशा मारता येतील, पण शेजारची कौलं एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत आणि फटी राहतात. तेव्हा छप्पर सरळ ठेवा, ओटा वाकडा असू द्या. तुळई घराच्या भिंतीला समांतर, ६ फुटांवर. तिच्यापुढे उजवीकडे उरलेला तीन फुटांचा त्रिकोण उघडा ओटा म्हणून राहू द्या. वळचण दोन फूट पुढे आली की त्यातला बराच भाग तसाही झाकला जातो.

जागा वाकडी नसतानाही फेस भरत नसेल, तर एखादी रेघ किंचित तिरपी गेलेली असते. स्टाइल्समध्ये रेघांचा रंग ‘बाय ॲक्सिस’ करा. आडवी वळचण लाल किंवा हिरवी दिसली पाहिजे. काळी दिसली तर तिथेच चूक आहे. रेघ पुसून, बाणाची कळ दाबून अक्ष पकडून पुन्हा काढा.

स्केचअपमध्येच: पोर्चवरचं दुपाखी छप्पर घराच्या पाख्यात घुसतं, पण पन्हळीची (दोन छपरं मिळतात त्या खोलगट सांध्याची) रेघ उमटत नाही. शिवाय घुसलेल्या जागी रंग लुकलुकतो. — वाचक, मुलुंड

दोन्ही छपरं वेगवेगळ्या ग्रुपमध्ये असणार. एकमेकांतून आरपार गेली तरी स्केचअप आपणहून छेदरेषा काढत नाही. प्रत काढून ठेवा, दोन्ही ग्रुप एक्स्प्लोड करून एकाच नव्या ग्रुपमध्ये घ्या, तो उघडून सगळं निवडा, आणि उजव्या क्लिकवर ‘इंटरसेक्ट फेसेस’ मधून ‘विथ मॉडेल’. पन्हळीच्या दोन रेघा उमटतील. मग पोर्चच्या आढ्याचं आत गेलेलं टोक आणि पोर्चखाली झाकलेला पाख्याचा तुकडा पुसा.

काम बरोबर झालं का, हे वरून बघून पटकन कळतं. दोन्ही उतार सारखे आणि भिंतींचे माथे एका उंचीचे असतील, तर पन्हळ वरून ४५ अंशांत दिसते. १० फूट रुंद पोर्चचं आढं त्या स्थितीत भिंतीपासून बरोबर ५ फूट आत जाऊन पाख्याला भिडतं. पोर्चचा उतार २२ आणि घराचा ३० असेल तर ते साडेतीन फुटांवरच भिडतं.

लुकलुकणं वेगळं. तिथे दोन फेस एकाच जागी, एकावर एक आहेत. त्यातला एक पुसा. एखादा फेस निळसर करडा दिसला तर तो उलटा आहे. ‘रिव्हर्स फेसेस’ करा.

स्वीट होम थ्रीडीमध्ये छपराचं बटणच सापडत नाही. — वाचक, दादर

मूळ प्रोग्रॅममध्ये पाख्यांचं तयार साधन नाही, पण काम निभतं. नव्या भिंतीची उंची २५० सेंटिमीटर धरलेली असते, ती आधी बदला. वरच्या अलिबागच्या घराची २४ फुटी टोकाची भिंत निवडून ‘स्प्लिट वॉल’ने मधोमध दोन भाग करा. पहिल्या भागाला ‘स्लोपिंग वॉल’ करून सुरुवातीची उंची ३०५ आणि शेवटची ५१६ द्या, दुसऱ्याला उलट. त्रिकोण उलटा झाला तर तुम्ही भिंत ज्या दिशेने काढली ती दिशा आड येते. ‘रिव्हर्स वॉल्स डायरेक्शन’ने ती सुधारते.

पाख्यासाठी कॅटलॉगमधला ‘बॉक्स’ घ्या: जाडी ५ सेंटिमीटर, उताराकडची लांबी ४९३. हा आकडा १२ फूट आणि २ फूट वळचण मिळून १४ फुटांचा, ३० अंशांवर मोजलेला आहे. त्याला ३० अंश तिरकं करा. ही सोय ६.० आवृत्तीपासून आहे. थ्रीडी खिडकीत बघत उंची बदलून भिंतीच्या माथ्याला टेकवा. दोन्ही पाखी वेगळ्या लेव्हलवर ठेवा, म्हणजे ती लेव्हल लपवून आतल्या खोल्या बघता येतात.

मॉडेलमधल्या क्षेत्रफळावरून कौलं मोजली तर मिस्त्रीच्या आकड्यापेक्षा कमी येतात. — वाचक, ठाणे

तुम्ही बहुधा छपराचं जमिनीवर पडणारं माप घेतलं आहे. ३६ बाय २४ चं घर, चहूकडे २ फूट वळचण धरून २८ बाय ४०, म्हणजे ११२० चौरस फूट. ३० अंशांवर पाख्यांचं खरं क्षेत्रफळ त्याच्या १.१५५ पट, सुमारे १२९३ चौरस फूट किंवा १२० चौरस मीटर. ४१० बाय २३५ मिलिमीटरच्या मंगलोरी कौलांना चौरस मीटरला साधारण १५ धरले, तर १८०० कौलं. जमिनीच्या मापाने १५६० येतात. तुटफुटीचे ५ ते १० टक्के वेगळे, आणि आढ्यावरची कौलं फुटांवर मोजायची. मिस्त्री वासा टेप लावून मोजतो, म्हणून त्याचा आकडा बरोबर येतो.

सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची शेड दाखवायची आहे. होम डिझायनर चौपाखी छप्परच देतो. — वाचक, कांदिवली

खालच्या कडेची भिंत तशीच ठेवा, समोरची ‘हाय शेड’ करा, बाजूच्या दोन्ही ‘फुल गेबल’. उतार ५ अंश दिलात तर ३० फुटांत शेड २ फूट ७॥ इंच चढते. खालची कड ७ फुटांवर असेल तर वरची ९ फूट ७॥ इंच. जिन्याच्या खोलीचा स्लॅब आणि टाकी त्या उंचीच्या मधे येतात का ते मोजा, आणि खालची कड पावसाच्या पाण्याचा पाइप आहे त्याच बाजूला ठेवा. शेडच्या परवानगीचं आर्किटेक्टशी आधी बोलून घ्या. उंचीची मर्यादा कळल्यावरच आकडे भरा.

पडवी दक्षिणेला आहे. स्केचअपमध्ये डिसेंबरात भर दुपारी ऊन घराच्या भिंतीवर चढलेलं दिसतं. खरंच असं होईल? — वाचक, माहीम

मॉडेलचं ठिकाण ठरवलेलं नसेल, तर स्केचअप अमेरिकेतल्या बोल्डर गावचा सूर्य दाखवतं. ते ४० उत्तर अक्षांशावर आहे आणि आपण १९ वर. जिओ-लोकेशन मुंबईचं द्या आणि २१ डिसेंबरला साडेबारानंतरची वेळ ठेवा, कारण आपल्याकडे सूर्य सर्वांत वर येतो तो बाराला नाही. त्या वेळी तो क्षितिजापासून साधारण ४७॥ अंशांवर असतो. वळचण ७ फुटांवर असेल, तर ऊन तिच्या कडेपासून ६ फूट ५ इंच आत येतं. वळचण आणि पडवी मिळून ९ फूट असतील, तर ऊन भिंतीच्या अडीच फूट अलीकडेच थांबतं.