एका चुकीचे वजन

प्रश्न : बेसबॉलमध्ये मारियानो रिवेरासारख्या रिलीफ पिचरची (सामन्यात मागाहून येणाऱ्या बदली गोलंदाजाची) फिल्डिंगची सरासरी लीगच्या सरासरीशी ताडून पाहावी का?

उत्तर : पाहावी, पण जपून. पुटआउट (स्वतः बाद करणे) आणि असिस्ट (बाद करायला हातभार लावणे) यांच्या बेरजेला चुकांसकट एकूण संधींनी भागले की हा आकडा मिळतो. रिलीफ पिचर बहुधा सामन्याच्या नऊ इनिंगपैकी (छोट्या डावांपैकी) एखाद-दोनच टाकतो. हंगामात वीस संधी आल्या नि एक चूक झाली तर ०.९५०, दोन झाल्या की थेट ०.९००! म्हणून मी अख्खी कारकीर्दच धरतो; रिवेराचे तर १११५ सामने आहेत. २००१च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये, बंट (बॅटने हलकेच टेकवलेला चेंडू) उचलून सेकंड बेसकडे केलेला त्याचा थ्रो चुकला आणि प्रतिस्पर्धी ॲरिझोनाने ३-२ असा सामना जिंकला. ती चूक मला आजही टोचते. पण नियमित हंगामाच्या आकड्यांत पोस्टसीझन (हंगामानंतरचे सामने, वर्ल्ड सिरीजही त्यातच) धरतच नाहीत, त्यामुळे तिथे ती शोधू नका.