आपल्याच भाचीला ठेवायला कागद कशाला?

"मॅडम, आपल्याच बहिणीची पोर, तिला ठेवून घ्यायला कागद कशाला लागतोय?" हे मी खानापूरकडच्या लोकांकडून ऐकलंय, निपाणीकडच्यांकडून ऐकलंय, चिकोडीकडच्या आज्जी-आजोबांकडून पण ऐकलंय. आई-बाप गेलेलं मूल मामाकडं नाहीतर काकाकडं आलेलं असतं, केस बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे सांभाळाची गरज असलेल्या मुलांचं ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर, गेलेली असते आणि समिती विचारते की कायमचं काय ठरवलंय ते सांगा, नोंद करायची आहे. घरच्यांना तिथंच लागतं, आमच्यावर विश्वास नाही काय म्हणून. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बरंच बदललंय.

मामा, मामी आणि नऊ वर्षांची भाची. पोरीच्या बापाची थोडी जमीन होती, त्यामुळं मामाचं म्हणणं सरळ होतं, "कागद केला की भावकी म्हणणार, शेतासाठी घेतली पोरीला." मामीची काळजी वेगळीच. "दत्तक घेतलं की दाखल्यावर तिच्या आईचं नाव जाऊन माझं येणार म्हणे. नणंदेचं नाव मी कसं पुसू?"

पोरीचं मात्र दोघंही तोंडभरून कौतुक करत होते. लई शहाणी, काही मागत नाही, भांडत नाही, पुढ्यात येईल ते खाते. मला हेच खटकलं. मी बोल्बीला मानणारी, म्हणजे मूल आणि सांभाळणारा यांच्या नात्यावर लिहिणारा तो इंग्रज मानसोपचारतज्ज्ञ, मूल आधी एखाद्या माणसाच्या भरवशाला लागतं आणि मगच हट्ट करतं असं माझं पक्कं मत आहे, आणि नऊ वर्षांची पोर वर्षभर एकदाही भांडत नसेल तर ती त्या घरात अजून पाहुणीच आहे.

तिच्याशी बोलायला वेळ लागला, बरेच दिवस नुसती चित्रं आणि शाळेच्या गप्पा. मग एकदा विचारलं, "मामाकडं कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"किती दिवस राहणार?"

गप्प बसली. मग म्हणाली, "मामाकडं सुट्टीला येतात. सुट्टी संपली की जातात. माझी सुट्टी कधी संपणार ते कोणच सांगत नाही."

किती साधं होतं बघा, आणि आम्हा मोठ्यांपैकी कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं. आपल्यात मामाचं घर लाडाचं, हक्काचं, सगळं खरं, पण ते जाऊन परत यायचं घर असतं. ती आता इथलीच हे मामा-मामींना एवढं उघड होतं की तिला तसं कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी मामीला शेजारी बसवून मी उलटं विचारलं, आता मे महिन्याच्या सुट्टीत तू कुठं जाणार? लगेच उत्तर आलं, "आज्जीकडं." म्हणजे बापाच्या आईकडं. "आणि सुट्टी संपली की?" तिनं मामीकडं बघितलं. "मग मामाकडं. शाळा हितंच हाय की." सुट्टीला जायला दुसरं घर मिळालं तशी ती मामाच्या घरची झाली, आणि मला वाटतं त्या सगळ्या केसमध्ये मी एवढाच एक प्रश्न नीट विचारला.

आता कागदाचं. नात्यातलं दत्तक घेता येतं, स्वतःची दोन मुलं असली तरी नातेवाइकांना ते अडत नाही, आणि सप्टेंबर २०२२ पासून त्याची ऑर्डर कोर्ट नाही, जिल्हाधिकारी म्हणजे आपल्याकडं कर्नाटकात डीसी देतात. मूल पाच वर्षांच्या वरचं असेल तर त्याची संमती लागते. दत्तक झालं की वारसाहक्कासकट ते तुमचं, मागं फिरणं नाही, आणि हो, जन्मदाखल्यावर नावं बदलतात. पण आधीपासून मुलाच्या नावावर असलेली जमीन मुलाचीच राहते. दुसरा रस्ता १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यानं कोर्टातनं पालकत्व घ्यायचा. त्यात आई-बापाची नावं तशीच राहतात आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पालकाला मुलाची जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. हे ऐकून मामा खुर्चीतनं पुढं सरकला, "मग हेच दाखवतो की भावकीला!" त्यांनी पालकत्व घेतलं. मला स्वतःला दत्तक जास्त पटतं, कारण पालकत्व अठराव्या वर्षी संपतं, पण मामीला जे पेलवेल तेच खरं.

पालकत्व अठराला संपतं म्हणूनच समितीच्या फाईलमधल्या केअर प्लॅनवर, म्हणजे मुलाच्या पुढच्या सांभाळाच्या आराखड्यावर, मी अडून बसले. नुसतं 'मामाच्या ताब्यात दिले' एवढ्यानं भागत नाही. कुणाकडं, कधीपर्यंत, का, आणि मूल स्वतः काय म्हणालं हे सगळं आलं पाहिजे. तिच्या प्लॅनमध्ये आलं की मामा-मामींनी तिला स्वतःहून मागून घेतलंय, अठरानंतरही घर हेच, दिवाळी आणि मेची सुट्टी आज्जीकडं, आईच्या श्राद्धाला गावाला न्यायचं. शेवटचं तिनं सांगितलेलं.

काही महिन्यांनी मामीचा फोन, आवाज चढलेला. "मॅडम, रिमोटवरनं पोराला चावली हो ही!" मी म्हटलं, अभिनंदन.

तुमच्याकडं असं मूल असेल तर कागद बहुतेक कन्नडमध्ये असतात, सही करायच्या आधी कुणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्या, मुलालाही समोर बसवून ऐकवा, आणि कॉपी मागून घ्या. पैशाची ओढाताण असेल तर मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेत महिन्याला ४००० रुपयांची स्पॉन्सरशिप आहे, उत्पन्नाची अट आहे, चौकशी जिल्हा बालसंरक्षण कक्षात. समितीसमोर जाताना मुलाला आज्जीकडं ठेवून जाऊ नका, त्याचं म्हणणं ऐकून घेणं २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे.