यूएलसी कायदा गेला, सातबाऱ्यावरचा शेरा का राहिला?

प्रश्न : यूएलसी कायदा (शहरी जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणारा) २००७ मध्येच रद्द झाला ना? मग पुण्याजवळच्या आमच्या जमिनीच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याचा शेरा अजून कसा? तलाठी म्हणतात, यूएलसीचं पत्र आणा.

उत्तर : तलाठ्यांचं बरोबर आहे. कायदा रद्द झाला तरी त्याखाली झालेली सगळी कारवाई पुसली जात नाही. काय राहील, काय जाईल हे निरसन कायद्यातच, म्हणजे तो रद्द करणाऱ्या कायद्यातच, लिहिलेलं असतं. इथे तो १९९९ चा. मूळ १९७६ चा कायदा राज्यांच्या ठरावांवर उभा होता (अनुच्छेद २५२), त्यामुळे संसदेने केलेलं निरसनही महाराष्ट्राला आपोआप लागू झालं नाही. विधिमंडळाने स्वीकारल्यावर, २९ नोव्हेंबर २००७ पासून ते इथे लागू आहे. तुमचं सगळं या तारखेवर अवलंबून आहे.

त्याआधी शासनाने ताबा घेतला असेल तर जमीन गेली. नुसती कलम १०(३) ची (मर्यादेबाहेरची जमीन शासनाची झाली असं जाहीर करणारी) अधिसूचना निघाली आणि ताबा तुमच्याकडेच राहिला, तर कारवाई संपुष्टात येते. मात्र मोबदला उचलला असेल तर तो आधी परत करावा लागतो. ताबा प्रत्यक्ष घेतलेला हवा, कागदोपत्री नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या हरिराम निकालात सांगितलं आहे.

म्हणून नागरी संकुलन कार्यालयातून कलम ८(४) चा आदेश, १०(३) ची अधिसूचना, १०(५) ची नोटीस आणि ताबा पावती यांच्या प्रमाणित नकला काढा. नोटीस बजावल्यापासून ताबा द्यायला ३० दिवस मिळतात. ताबा पावती त्याआधीचीच असेल, किंवा नोटीस बजावल्याचा पुरावाच नसेल, तर वकिलांना नेमकं तेच दाखवा. नकला हातात नसताना केलेला अर्ज फक्त टेबलं फिरतो.

शेरा कलम २० च्या सुटीचा (मर्यादेबाहेरची जमीन अटींवर ठेवू देणाऱ्या) असेल तर गोष्ट वेगळी. ती सूट आणि तिच्या अटी निरसनानंतरही टिकतात, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा २०१४ चा निर्णय आहे. त्यातून सुटण्यासाठी शासनाने २०१९ मध्ये एकरकमी अधिमूल्याची (प्रीमियमची) वाट काढली.

प्रश्न : निरसन कायदाच उद्या रद्द केला, तर जुना कायदा परत येतो का?

उत्तर : नाही. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७, कलम ७ : तसं स्पष्ट लिहावं लागतं. न्यायालयाने नवा कायदा घटनाबाह्य ठरवला तर मात्र जुनी व्यवस्था परत येऊ शकते. २०१५ मध्ये न्यायिक नियुक्ती आयोग रद्द ठरला आणि कॉलेजियम (न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची पद्धत) पुन्हा लागू झालं, ते असंच.