हाताने गोधडी शिवणाऱ्या बाईने क्विल्टिंगच्या क्रूझला जावे का?

प्रश्न : मी ६२ वर्षांची असून सांगलीला राहते. आईकडून शिकलेली गोधडी गेली चाळीस वर्षे हाताने शिवत आले आहे. माझी मुलगी सिएटलजवळ राहते आणि येत्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे जाणार आहे. तिने सिएटलहून अलास्काला जाऊन परत येणाऱ्या सात रात्रींच्या एका क्रूझची चौकशी केली असून तीत क्विल्टिंगचे वर्ग आहेत. मुलगी स्वतः शिवत नाही, पण सोबतीला येईल. तिथे सगळे काम मशीनवर चालते असे ऐकते. माझे इंग्रजी कामापुरतेच आहे, शिवाय बोट लागेल अशी भीती वाटते. अमेरिकेचा व्हिसा आहे, तो पुरेल का? आणि एवढा खर्च करावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण जावे असे मला मनापासून वाटते, मात्र हीच सफर घ्यावी की दुसरी, हे पैसे भरण्यापूर्वी नीट तपासून पाहावे.

आधी शिवणाचे बोलू. वरचे कापड, मधला थर आणि अस्तर यांना एकत्र धरणारे टाके म्हणजे क्विल्टिंग, आणि ते टाके आपण चाळीस वर्षे घालत आला आहात. अमेरिकेतील क्विल्टमध्ये आपल्याला नवे वाटेल ते त्याआधीचे जोडकाम. गोधडीत एखादा तुकडा तिरका बसला तर पुढचा तुकडा त्यावर थोडा सरकवून आपण निभावून नेतो. तिथे नवे सुती कापड मोजून कापतात आणि प्रत्येक जोडाला बरोबर पाव इंच, म्हणजे दोन सूत, कापड सोडतात. दहा तुकड्यांच्या एका ओळीत नऊ शिलाया येतात. प्रत्येक शिलाई नुसता अर्धा सूत आत गेली, तरी दोन्ही तुकड्यांचे मिळून एक सूत कापड दर जोडाला खाल्ले जाते आणि ओळ इंचाहून अधिक आखूड होते. मग शेजारच्या ओळीशी तिचे कोपरे जुळत नाहीत. माझ्या पहिल्या सफरीत माझी दुसरी ओळ अशीच आखूड आली आणि ती उसवून पुन्हा शिवण्यात समुद्रावरची एक अख्खी दुपार गेली.

ती वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर घरच्या मशीनवर एक सराव करावा. अडीच इंचांचे तीन चौकोन कापावेत, एका ओळीत जोडावेत, शिलाया दाबून इस्त्री करावी आणि पट्टीने मोजावे. लांबी साडेसहा इंच भरली की हात बसला असे समजावे. कमी भरली तर शिलाई आत जाते आहे, जास्त भरली तर बाहेर. हा सराव जमला की वर्गातील निम्म्या सूचना भाषेवाचूनही कळतात, कारण शिक्षिका बहुतेक गोष्टी करूनच दाखवतात. आकडे, इंच आणि कापडाच्या प्रकारांची नावे एवढे इंग्रजी तोंडावर असले तरी आपले अडणार नाही.

आता मुख्य मुद्दा. सात रात्रींच्या सफरीत वर्ग सात दिवस चालत नाहीत. ज्या दिवशी बोट बंदराला लागते त्या दिवशी प्रवासी गावात उतरतात, म्हणून वर्ग मुख्यतः समुद्रावरच्या दिवशी ठेवतात, आणि असे दिवस सिएटलहून निघणाऱ्या अलास्काच्या फेरीत दोन किंवा फार तर तीन मिळतात. त्यामुळे वर्ग एकूण किती तासांचा, कोणत्या दिवशी, एका वर्गात किती जणी, आणि हिमनदीपाशी बोट जाते त्या वेळी वर्ग थांबवतात की चालू ठेवतात, हे आयोजकांकडून लेखी मागवावे. बोटीवरच्या सभाखोल्यांना बरेचदा खिडकीही नसते. अलास्काला जाऊन बर्फाचा कडा न पाहता परतणे मला तरी सोसणार नाही. एवढ्या तासांत पूर्ण क्विल्ट होत नाही, वरचा जोडलेला भाग किंवा त्याचे काही चौकोन घेऊन आपण घरी येतो, ही अपेक्षाही आधीच धरावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिक्षिका काय शिकवणार आहेत. सगळे मशीनवरच असते असे नाही. हाताचे जोडकाम, कापडावर कापड बसवून केलेले ॲप्लिके, जाड दोऱ्याचे लांब टाके, असेही वर्ग असतात. उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कडेपासून मध्याकडे शिवत नेतात ती कवंदी अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांनी अलीकडे आवडीने उचलली आहे. आपल्याला मशीनचे जोडकाम नव्याने शिकायचे असेल तर मुलीने पाहिलेली सफर ठीक आहे. हाताचेच काम पुढे न्यायचे असेल तर तसा वर्ग असलेली सफर शोधावी, मग बोट थोडी जुनी असली तरी चालेल.

बोट लागण्याच्या भीतीचा संबंधही वर्गाशीच आहे. सिएटलहून निघणाऱ्या बऱ्याच बोटी कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिक महासागरातून जातात. तिथे लाटांचा हेलकावा जाणवतो, आणि नेमका तोच दिवस वर्गाचा असतो. मान खाली घालून सुईकडे पाहत राहिले की मळमळ लवकर सुरू होते. व्हँकुव्हर शहरातून निघणाऱ्या बोटी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून जातात, तो मार्ग पुष्कळ शांत असतो. सिएटलचीच सफर ठरली तर खोली बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, आपल्या डॉक्टरांना विचारून गोळ्या बरोबर ठेवाव्यात, आणि दर वीस मिनिटांनी सुई खाली ठेवून डेकवरून क्षितिजाकडे पाहावे.

केवळ अमेरिकेचा व्हिसा बहुधा पुरणार नाही. १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशात नोंदलेल्या बोटीला अमेरिकेच्या बंदरातून निघून तिथेच परत यायचे असेल तर मध्ये एखाद्या परदेशी बंदरात थांबावे लागते. म्हणूनच सिएटलच्या बहुतेक बोटी परतीला कॅनडातील व्हिक्टोरियाला लागतात, कित्येकदा तर संध्याकाळी चार-पाच तासांपुरत्याच. तेवढ्यासाठीही भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा असावा लागतो. तो नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरच आपल्याला थांबवतील. अर्ज काही महिने आधी करावा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करून घ्यावी.

खर्चाबद्दल एक गोष्ट मुलीला आवर्जून सांगावी. बोटीचे भाडे आणि वर्गाचे शुल्क हे सहसा वेगवेगळे असते, आणि वर्गात प्रवेश त्यांनाच मिळतो ज्यांनी आयोजकांच्या गटातून खोली घेतली आहे. स्वस्त दिसले म्हणून दुसरीकडून तिकीट काढले तर बोटीवर असूनही आपण वर्गाच्या बाहेर राहाल. बंदरांचे कर, रोजची बक्षिसी आणि कापडाचा संच हे वरचे खर्च धरूनच हिशेब करावा. भाडे एका खोलीत दोघे राहतील असे धरून सांगतात, तेव्हा मुलीची सोबत पैशाच्या दृष्टीनेही सोयीची आहे; ती शिवणार नसेल तर तिला वर्गाचे शुल्क लागू नये, तरी विचारून घ्यावे. आणि समुद्राची आपल्याला मुळीच ओढ नसेल, तर याच पैशांत ह्यूस्टनला दर शरद ऋतूत भरणारा आंतरराष्ट्रीय क्विल्ट महोत्सव पाहता येईल, त्यातही वर्ग असतात.

सामानात घरचे मशीन नेऊ नये. तिथली वीज १२० व्होल्टची आहे आणि मशीन बहुतेक आयोजकच देतात. कात्री आणि गोल पात्याचा कटर विमानात मोठ्या बॅगेतच ठेवावा. बोटीच्या खोलीत इस्त्रीला आगीच्या धोक्यामुळे बंदी असते, ती वर्गातच वापरायची. आपले अंगुस्तान मात्र विसरू नये.

बंदरावर उतरल्यावर कापडाच्या दुकानांत सगळा वेळ घालवू नये, अशी माझी विनंती आहे. त्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी असलेल्या त्लिंगित आणि हैडा लोकांची बटनांची घोंगडी अलास्कातील जूनो किंवा केचिकनच्या संग्रहालयात पाहायला मिळाली तर अवश्य पाहावी. गडद निळ्या लोकरीच्या कापडावर लाल कापडातून कापलेले कावळ्याचे, गरुडाचे किंवा देवमाशाचे कुलचिन्ह शिवलेले असते आणि त्याच्या कडेने शिंपल्याची पांढरी बटने एकेक करून टाचलेली असतात. समारंभात ते पाठीवर घेतात, त्यामुळे पाहणाऱ्याला घराणे कळते. आजीच्या लुगड्याचा काठ गोधडीत ओळखणाऱ्या आपल्यासारखीला तिथे कुणी समजावून सांगावे लागणार नाही.

जाताना दीड फूट लांबी-रुंदीची एक छोटी गोधडी मात्र बरोबर न्यावी. क्विल्टिंगच्या मेळाव्यांत आपापले काम उभे राहून दाखवण्याची पद्धत आहे, आणि तिथे क्विल्टच्या पाठीवर करणारीचे नाव, गाव आणि साल लिहिलेली कापडी चिठ्ठी शिवतात. आपणही तशी एक शिवावी. मराठीत लिहिली तरी चालेल, वाचून मुलगी दाखवील.